कुत्र्याच्या गळ्यातला टॅग नेमकं काय करतो (आणि काय करत नाही)

मागच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आमचा बंड्या पळाला. आम्ही माझ्या आजोळी होतो, जुन्नर तालुक्यात. समोरच्या घरी फटाक्यांची माळ लागली, पडवीचं दार अर्धवट उघडं होतं, आणि चार वर्षांचा, पुण्याच्या सोसायटीत वाढलेला आमचा गावठी कुत्रा कान पाडून अंधारात नाहीसा झाला.

मी मात्र शांत होते. त्याच्या पट्ट्याला मी नऊशे रुपयांचा 'जीपीएस टॅग' लावला होता. विकणाऱ्याच्या पानावर मोठ्या अक्षरांत तसंच लिहिलं होतं. मी फोन काढला, ॲप उघडलं. नकाशावर ठिपका होता मामाच्या अंगणातच. खाली लिहिलेलं होतं: शेवटचं दिसलं, ७:४२. तेव्हा आठ वाजून गेले होते. मी पाच मिनिटं ॲप पुन्हा पुन्हा रिफ्रेश करत राहिले. मामा म्हणाला, "अगं, तुझ्या त्या यंत्राला विचार ना, कुठंय तो?"

यंत्राला माहीत नव्हतं. कारण तो जीपीएस टॅग नव्हताच, साधा ब्लूटूथ टॅग होता. पाच वर्षं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलीने खोक्यावरचं स्पेसिफिकेशन वाचलं नव्हतं. हा लेख त्या चुकीतून आला आहे. तुमच्या घरी कुत्रा किंवा मांजर असेल आणि तुम्ही टॅग, ट्रॅकर, चिप यातलं काही घ्यायचा विचार करत असाल, तर आधी हे वाचा.

कोणत्याही ट्रॅकरला विचारायचे तीन प्रश्न

जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली की ती वस्तू काय आहे ते कळतं.

१. प्राणी कुठे आहे, हे कोण शोधतं?
२. शोधलेली जागा माझ्या फोनपर्यंत कोण पोचवतं?
३. या सगळ्याला वीज कुठून मिळते?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार आहेत: मायक्रोचिप, ब्लूटूथ टॅग आणि जीपीएस ट्रॅकर. एकेकाला हे प्रश्न विचारू.

मायक्रोचिप: ओळख सांगते, पत्ता नाही

सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दल आहे. "आम्ही चिप बसवली आहे, हरवला तर मोबाईलवर दिसेल" असं मी दोन-तीन जणांकडून ऐकलंय. तसं होत नाही.

पाळीव प्राण्याची मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते, साधारण १२ मिलिमीटर लांब. काचेच्या बारीक नळीत बसवलेली ही चिप पशुवैद्य जाड सुईने प्राण्याच्या दोन खांद्यांच्या मधे, कातडीखाली सोडतात. तिच्यात बॅटरी नसते. जीपीएस नसतं. आत फक्त एक १५ आकडी नंबर असतो. त्यातले पहिले तीन आकडे देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात. भारताचा आकडा ३५६.

वाचायचं यंत्र अंगाजवळ धरलं की त्यातून निघणाऱ्या १३४.२ किलोहर्ट्‌झच्या लहरींमधूनच चिपला क्षणभर वीज मिळते आणि ती आपला नंबर परत पाठवते. मेट्रोचं कार्ड गेटवर टेकवल्यावर होतं, तत्त्व तेच. म्हणून अंतरही तसंच, काही सेंटीमीटर.

म्हणजे जागा कोण शोधतं? कोणीच नाही. कोणीतरी कुत्रा पकडून, वाचनयंत्र असलेल्या दवाखान्यात नेला, तर नंबर कळतो. आणि तो नंबर कुठल्यातरी नोंदणीत तुमच्या नावाशी आणि चालू मोबाईलशी जोडलेला असेल, तरच फोन येतो. मामाच्या गाईच्या कानात पिवळा बिल्ला आहे, त्यावर १२ आकडी नंबर आहे. चिप म्हणजे साधारण तोच बिल्ला, फक्त कातडीखाली. गाय कुठे चरते आहे, हे तो बिल्ला सांगत नाही.

मग चिप बसवायची कशाला? कारण ती पट्ट्यासारखी गळून पडत नाही आणि कोणी सहज काढून टाकू शकत नाही. कुत्रा चोरीला गेला, दुसऱ्याने "माझाच आहे" म्हटलं, तर ती पुरावा ठरते. प्राणी परदेशी न्यायचा असेल तर बऱ्याच देशांत ती लागतेच. ब्रिटनमध्ये २०१६ पासून पाळीव कुत्र्यांना चिप सक्तीची आहे. बसवताना पशुवैद्यांना एवढं विचारा: नंबर कुठे नोंदवला आणि माझा मोबाईल नंबर बदलला तर तिथे कसा बदलायचा?

ब्लूटूथ टॅग: दुसऱ्यांच्या फोनवर चालणारी वस्तू

आता माझ्या नऊशे रुपयांच्या टॅगकडे येऊ. ॲपलचा एअरटॅग, अँड्रॉइड फोनबरोबर चालणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे टॅग, हे सगळे याच जातीचे.

या टॅगला स्वतःला आपण कुठे आहोत हे कळत नाही. तो ठरावीक वेळाने ब्लूटूथवर एक छोटा संदेश सोडत राहतो: "मी इथे आहे, माझा सध्याचा क्रमांक अमुक." शेजारून जाणाऱ्या एखाद्या फोनला तो ऐकू आला, तर तो फोन स्वतःचं लोकेशन घेतो, कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करतो आणि कंपनीच्या सर्व्हरवर टाकतो. ते उघडायची किल्ली फक्त तुमच्याकडे असते. हे सगळं फोनमालकाला न कळता, गुपचूप होतं.

यातलं महत्त्वाचं वाक्य पुन्हा सांगते: नकाशावर दिसतो तो ठिपका तुमच्या कुत्र्याचा नसतो. कुत्र्याजवळून गेलेल्या अनोळखी फोनचा असतो, आणि तो फोन जवळून गेला त्या वेळचा असतो.

म्हणून शहरात हे टॅग जादूसारखे चालतात. मी टॅग घेतला तेव्हा चाचणी केली होती. पट्टा मैत्रिणीकडे दिला, ती हिंजवडीत ऑफिसला गेली आणि दर काही मिनिटांनी ठिपका बरोबर हलत होता. हलणारच, तिथे प्रत्येक दहा पावलांवर दोन फोन होते. मी खूश झाले. उसाच्या फडाशेजारी रात्री आठ वाजता किती फोन असतात, हा प्रश्न मला पडलाच नाही.

आणखी दोन गोष्टी. एक, प्रत्येक टॅगला फक्त त्याच्या नेटवर्कमधले फोन 'ऐकतात'. ॲपलच्या जाळ्यातला टॅग ॲपलचीच उपकरणं ओळखतात. खेड्यात आयफोन किती, तुम्हीच मोजा. दोन, गूगलच्या जाळ्यात अँड्रॉइड फोन भरपूर आहेत, पण त्याची मूळ सेटिंग 'फक्त गर्दीच्या जागी' अशी असते. एकट्या फोनने टॅग ऐकला तर ते लोकेशन सहसा पुढे दिलं जात नाही, अनेक फोनांनी ऐकावा लागतो. कोणी टॅगचा वापर माणसांवर पाळत ठेवायला करू नये म्हणून हे मुद्दाम केलेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण निर्जन रस्त्यावर हरवलेल्या कुत्र्याला त्याचा तोटा होतो.

वीज? नाण्याच्या आकाराचा सेल, बहुतेक सीआर२०३२. तो वर्षभर पुरतो. हा मोठा फायदा आहे. पण हाच सेल कुत्र्याने चावून गिळला तर अन्ननलिकेला आतून भाजतो. टॅग पट्ट्यावर लोंबकळता लावू नका, चपटा बसणाऱ्या कव्हरमध्ये लावा. सेल गिळल्याची शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा.

जीपीएस ट्रॅकर: खरा, पण भुकेला

जीपीएसचे सुमारे तीस उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात. ते फक्त बोलतात, ऐकत नाहीत. प्रत्येक उपग्रह सतत सांगत असतो: "मी अमुक जागी आहे, माझ्या घड्याळात अमुक वेळ झाली." ट्रॅकरमधली चिप हे ऐकते आणि संदेश यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढते. तीन उपग्रहांवरून जागा ठरते. चौथा लागतो तो ट्रॅकरच्या स्वस्त घड्याळाची चूक सुधारायला. रेडिओ लहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, म्हणजे घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकलं तरी जागा तीनशे मीटरने चुकते.

इतक्या लांबून आलेला सिग्नल फार दुबळा असतो. उघड्या माळावर काही मीटरपर्यंत अचूक जागा मिळते. पत्र्याच्या शेडखाली, बेसमेंटमध्ये किंवा उंच इमारतींच्या गल्लीत एक तर मिळत नाही, नाहीतर भिंतींवरून आदळून चुकीची मिळते.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: जागा ट्रॅकर स्वतः शोधतो. आता दुसरा. उपग्रह ही जागा तुमच्या फोनला कळवत नाही. ते काम ट्रॅकरमधल्या सिमकार्डाचं. म्हणजे रेंज हवी, रिचार्ज हवा. इथे एक खाचखळगा आहे. स्वस्तातले बरेच ट्रॅकर फक्त २जीवर चालतात आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही. तुमच्या गावात ज्या कंपनीची रेंज चांगली आहे तिचं सिम त्या ट्रॅकरमध्ये चालतं का, हे पैसे देण्याआधी विचारा. 'जीपीएस' लिहिलेल्या वस्तूत सिम घालायची जागाही नाही, आत बसवलेलं सिमही नाही आणि दर महिन्याचा खर्चही नाही, तर ती बहुतेक जीपीएस नाहीच. माझ्या टॅगमध्ये सिम नव्हतं. मला तिथेच कळायला हवं होतं.

तिसरा प्रश्न विजेचा. साधा हिशोब करू. सीआर२०३२ सेलमध्ये साधारण २२५ मिलिॲम्पिअर-तास वीज असते. वर्षात ८,७६० तास. म्हणजे वर्षभर टिकायचं तर टॅगने सरासरी ०.०२५ मिलिॲम्पिअरच खायचे. जीपीएस चिप सतत चालू ठेवली आणि ती २५ मिलिॲम्पिअर घेते असं धरलं, तर तोच सेल कागदावर नऊ तासांत संपेल. त्यात सिमचा खर्च वेगळा. म्हणून खऱ्या जीपीएस ट्रॅकरला मोठी, चार्ज करायची बॅटरी लागते आणि ती काही दिवसच पुरते. 'खरं जीपीएस, इवलासा आकार, वर्षभर बॅटरी' हे तिन्ही एकत्र कोणी विकत असेल, तर हा हिशोब आठवा.

बॅटरी वाचवायला ट्रॅकर मधे मधे झोपतो आणि ठरावीक वेळाने जागा होतो. 'जिओफेन्स', म्हणजे नकाशावर आखलेलं कुंपण ओलांडल्यावर वाजणारी सूचना, यामुळेच उशिरा येते. ट्रॅकर दर दोन मिनिटांनी जागा होत असेल आणि घाबरलेला कुत्रा ताशी २० किलोमीटरने पळत असेल, तर सूचना येईपर्यंत तो साडेसहाशे मीटर लांब गेलेला असू शकतो. कुंपण फार लहान आखलं तर उलटा त्रास, कुत्रा अंगणातच झोपलेला आणि फोन मात्र कोकलतोय. जीपीएसची चूक काही मीटरची असते हे लक्षात घेऊन कुंपण थोडं सैल ठेवा.

आपल्याकडे पावसाळा चार महिने. आयपी६७ असं लिहिलं असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी झालेली असते. त्यापेक्षा कमी असेल तर पावसात नेऊ नका. मांजराला वजनदार ट्रॅकर नको, आणि पट्टा अडकला तर आपोआप सुटणारा घ्या. कुत्र्याचा पट्टा मानेखाली दोन बोटं जातील इतका सैल.

त्या रात्री पुढे काय झालं

जुन्नरच्या ऊसपट्ट्यात रात्री कुत्रा हरवणं आणि कोथरूडमध्ये हरवणं, यात फरक आहे. इथे उसात बिबटे राहतात, वाढतात. तालुक्यातच माणिकडोहला बिबट्यांचं निवारण केंद्र आहे. जवळच्याच अकोले भागात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशोबाने ३९ टक्के वाटा पाळीव-भटक्या कुत्र्यांचा निघाला होता. मला तो आकडा आधीपासून माहीत होता. त्या रात्री तो डोक्यातून जाईना.

मी टॉर्च घेऊन उसाकडे निघाले तर मामाने हात धरला. "कुत्र्यापायी माणूस नाही घालवायचं." त्याने चार-पाच जणांना फोन केले, डेअरीच्या ग्रुपवर बंड्याचा फोटो टाकला. मामीने बंड्याचं गोणपाट पडवीत पसरून ठेवलं, त्याच्या वासावर येईल म्हणून. मी रात्रभर ठिपक्याकडे बघत बसले. ठिपका अंगणातच होता.

सकाळी ६:५० ला तो हलला. तीन किलोमीटरवर, डांबरी रस्त्यावर. मला ते दिसलं तोवर चाळीस मिनिटं झाली होती. आम्ही मोटारसायकलवरून गेलो. रस्त्यावर काहीच नव्हतं. रक्त नव्हतं, हे बघून मला बरं वाटलं, हेही सांगते.

मामा म्हणाला, "इथं कुठंतरी असंल, विचारू." रस्त्यापासून पन्नासेक मीटर आत एक पोल्ट्रीचं शेड होतं. तिथल्या काकांनी बंड्याला सुतळीने खांबाला बांधून ठेवलं होतं. रात्री साडेदहालाच तो थरथरत तिथे आला होता. बिबट्याच्या भीतीने त्यांनी त्याला आत घेतलं, भाकरी घातली. रात्रभर काकांच्या खिशात फोन होता, पण तो वेगळ्या कंपनीचा. टॅग रात्रभर हाका मारत होता, ऐकणारा कान तिथे नव्हता. सकाळी रस्त्याने कोणीतरी योग्य फोन घेऊन गेलं, म्हणून ठिपका रस्त्यावर उमटला. तो फोन कोणाचा, हे मला कधीच कळणार नाही. यंत्रणा तशीच बनवलेली आहे.

मी आभार मानले तर काका म्हणाले, "ताई, पट्ट्यावर नंबर असता तर रात्रीच फोन केला असता की."

टॅग होता. नंबर नव्हता.

मग घ्यायचं काय?

माझा क्रम आता असा आहे.

सगळ्यात आधी पट्ट्यावर मोबाईल नंबर. चाव्या बनवणाऱ्याकडून पत्र्याच्या चकतीवर कोरून घ्या, नाहीतर पक्क्या मार्करने पट्ट्यावरच लिहा. याला ना सिम लागतं, ना बॅटरी. क्यूआर कोड छान दिसतो, पण नंबरही सोबत हवाच. अंधारात, चिखलात, साध्या फोनवाल्यालाही तो वाचता येतो.

मग मायक्रोचिप, पट्टा निघाला तर ओळख उरावी म्हणून.

त्यानंतर शहरात राहत असाल तर ब्लूटूथ टॅग पुरतो. गावी, ट्रेकला, शेतावर नेत असाल तर खरा जीपीएस ट्रॅकर, आणि निघायच्या आधी पूर्ण चार्ज.

घेतलेल्या वस्तूची 'हरवण्याची तालीम' करा, पण जिथे हरवायची भीती आहे तिथे. घरातल्या कोणाला तरी ट्रॅकर देऊन, त्याचा फोन घरी ठेवून, एखादा किलोमीटर पाठवा. जागा किती वेळाने दिसली, किती चुकली ते बघा. मी हीच चाचणी मामाच्या बांधावर दहा मिनिटं केली असती, तरी सत्य कळलं असतं.

आणि जी कामं कुठलंच गॅजेट करत नाही ती विसरू नका. फटाक्यांच्या रात्री कुत्रा बंद खोलीत. बिबट्याच्या भागात अंधार पडल्यावर तो दाराच्या आत, अंगणात साखळीला बांधून नाही, कारण बांधलेल्याला पळताही येत नाही. धनगरांच्या कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो, ते तंत्रज्ञान आपल्या सगळ्या टॅगांपेक्षा जुनं आहे आणि त्याला कारण आहे. रेबीजची लस वेळेवर. शेतातून आल्यावर कान, काखा, बोटांच्या बेचक्यांत गोचीड तपासा. बंड्याच्या अंगावर त्या एका रात्रीत अकरा सापडल्या. पुढचे काही आठवडे तो मलूल होतो का, ताप येतो का, याकडे आम्ही लक्ष ठेवलं. सुदैवाने काही झालं नाही.

आता बंड्याच्या पट्ट्यावर पितळी चकती आहे. तिच्यावर दोन नंबर आहेत, माझा आणि मामाचा. जीपीएस ट्रॅकरही घेतलाय, सिम असलेला, आणि दर तिसऱ्या रात्री तो चार्जिंगला लावते. जुना टॅग माझ्या गाडीच्या किल्लीला आहे. त्या कामाला तो उत्तम आहे.